गाळात जाणार नाहीस

“यात बोलणं फारसं नाहीच सर, आठ दिवसांत करून देते,” असं मी फिल्म क्लबच्या चिटणीस सरांना फोनवर सांगून टाकलं. अडीच महिने लागले.

काम एका सिनेमाची मराठी सबटायटल लिहिण्याचं, आणि सिनेमा होता ‘रोझेटा’. बेल्जियमच्या जाँ-पिएर आणि ल्युक दार्देन या दोघा भावांचा, १९९९ सालचा. त्या वर्षी फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात त्याला सर्वोच्च मान, म्हणजे पाम द’ऑर, मिळाला आणि रोझेटाचं काम करणाऱ्या एमिली दकेनला अभिनेत्रीचं पारितोषिक विभागून मिळालं. तेव्हा ती १७ वर्षांची होती आणि तिचा हा पहिलाच सिनेमा. ही सगळी माहिती मला होती. सिनेमा मी पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेंच शिकत असताना एका मैत्रिणीच्या डीव्हीडीवर पाहिला होता आणि नंतर चार-पाच दिवस मला धड जेवण गेलं नव्हतं. पण सिनेमा आवडणं वेगळं आणि त्याच्या खाली मराठी ओळी लिहिणं वेगळं, हे तेव्हा कुठं ठाऊक होतं.

आता मी इचलकरंजीत असते. यंत्रमागाच्या सुट्या भागांची फ्रेंच माहितीपत्रकं इंग्रजीत करून द्यायची, हा माझा पोटापाण्याचा धंदा. ‘बोल्ट उलट दिशेने फिरवा’ छापाची वाक्यं. सरांचा फोन आला तो एवढ्यावरच, की तुम्हाला फ्रेंच येतंय ना? क्लबवाले वाचनालयाच्या हॉलमध्ये महिन्यातून एक सिनेमा दाखवतात आणि दर वेळी तेच पंचवीस-तीस लोक येतात, त्यातले निम्मे निवृत्त प्राध्यापक. या वेळी सरांच्या मनात होतं की गारमेंटमध्ये काम करणाऱ्या मुलींना बोलवावं. त्यांना इंग्रजी सबटायटल कुठून झेपणार? म्हणून मराठी. परवानगीचा पत्रव्यवहार सरांनी केला, त्यात मी पडले नाही.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. रोझेटा आईबरोबर शहराबाहेरच्या एका तळावर, चाकांवरच्या जुन्या घरात राहते. तळाचं नाव ‘ग्रँड कॅनियन’ आहे आणि जागा म्हणजे नुसता चिखल. आई दारू पिते आणि दारूसाठी तळाच्या राखणदारापुढे लाचार होते. मुलीला फक्त काम हवंय. मदत नको, भत्ता नको, काम. पहिल्याच दृश्यात पांढरा कोट घातलेली ही मुलगी कारखान्यातून दारं आपटत धावते, कारण तिची चाचणीची मुदत संपली म्हणून तिला घरी पाठवताहेत. ती जायला तयार नाही. स्वतःला कोंडून घेते. शेवटी तिला धरून बाहेर काढावं लागतं. कॅमेरा पूर्ण वेळ तिच्या मानगुटीवर. दार्देन भावांचं बालपण ज्या भागात गेलं त्या लिएजजवळच्या सेरँ गावात हे चित्रण झालंय. एके काळी पोलादाचं गाव, मग भट्ट्या थंडावत गेल्या. भोंगे बंद पडलेलं गाव कसं दिसतं हे आमच्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

पहिलं काम ऐकून उतरवून घेण्याचं. फ्रेंच संवाद कागदावर काढायचे. या सिनेमाला पार्श्वसंगीत नाही. एका प्रसंगात रिके नावाचा मुलगा आपल्या ड्रम वाजवण्याचं रेकॉर्डिंग लावतो, संगीत म्हणून काय ते तेवढंच. बाकी श्वास, गाड्यांचा आवाज, बुटांची चिखलातली पचपच. मी कानाला हेडफोन लावून बसायची आणि बाहेरून गल्लीतल्या मागांची खटखट आत शिरायची. रोझेटा पुटपुटणारी मुलगी. दार आपटता आपटता बोलते, पळता पळता बोलते. एकेका वाक्यासाठी मी वीस-वीसदा मागे जायची. सुट्टीच्या दिवशी माग बंद असले की काम भराभर व्हायचं, म्हणून सासूबाईंनी नाव ठेवलं, “हिचा सिनेमा रविवारचाच.”

मग येतं स्पॉटिंग. म्हणजे प्रत्येक ओळ पडद्यावर नेमकी कधी उमटणार आणि कधी जाणार ते ठरवणं. तास, मिनिट, सेकंद आणि सेकंदाचेही तुकडे. एका वेळी दोनच ओळी, आणि प्रेक्षकाला त्या वाचून वर चेहराही पाहता आला पाहिजे. मोफत मिळणारं एक सॉफ्टवेअर मी वापरलं. ते दर सेकंदाला किती अक्षरं पडताहेत ते मोजतं आणि जास्त झाली की ओळ लाल करतं. माझ्या सगळ्याच ओळी लाल! दोन दिवस मी कापाकापी करत बसले, मग डोक्यात प्रकाश पडला. ते यंत्र मात्रा, वेलांटी, हलन्त सगळं सुटं मोजतं. आपल्या डोळ्याला ‘स्त्री’ हे एक अक्षर, त्याच्या हिशेबी सहा. मराठी त्याच्या लेखी भारीच वाचाळ. तेव्हा यंत्राचा नाद सोडला आणि माणूस शोधलं.

माणूस वरच्या मजल्यावरच होतं. आमच्या भाडेकरूंची मुलगी, वय एकोणीस, नववीनंतर शाळा सुटलेली, गारमेंटमध्ये ओव्हरलॉकच्या शिलाई मशीनवर बसते. रात्री आठला येते. मी तिला म्हटलं, तू मोठ्यानं वाचायचं, मी घड्याळ लावते. तिला वाटलं परीक्षा आहे. दोन दिवस टाळलं तिनं. तिसऱ्या दिवशी खाली आली ती जिन्यातूनच विचारत, “काकू, चहा करणार असाल तर वाचतो.”

हे ‘वाचतो’ पुण्याच्या लोकांना खटकेल. आमच्याकडे कोल्हापूर भागात बायकाही ‘मी येतो, मी जातो’ म्हणतात. मी मूळची इथली नाही, मला अजून गंमत वाटते. आणि या ‘वाचतो’नं एक नवाच किडा डोक्यात सोडला: रोझेटा ‘जाते’ म्हणेल की ‘जातो’? हॉलमध्ये बसणाऱ्या मुली ‘जातो’ म्हणणाऱ्या. पहिली वीस मिनिटं मी तसा एक खर्डा केलाही. वाचून दाखवला तर ही पोरगी तोंडावर हात ठेवून हसली. म्हणाली, “आमी बोलतो तसं लिवायचं नसतं ओ काकू. चेष्टा केल्यासारखं वाटतंय.” मी तो खर्डा पुसला. आपल्या बोलीत लिहिलं की माणसं खूष होतात, हा आमच्यासारख्यांचा समज. कधी होतातही. पण बेल्जियमची मुलगी पडद्यावर कोल्हापुरी बोलायला लागली की आधी हसू येतं आणि या सिनेमात हसू येऊन चालणार नव्हतं.

प्रमाण मराठीच ठेवायची, पण शब्द तिचे घ्यायचे, असं मग ठरलं. यातून खूप काही सुटलं. पहिल्याच दृश्याचं उदाहरण. चाचणीच्या मुदतीला सरकारी मराठीत ‘परिवीक्षा कालावधी’ म्हणतात. हे पडद्यावर टाकलं असतं तर वाचेपर्यंत रोझेटा दोन मजले खाली पोहोचली असती. मी ‘चाचणीचा काळ’ लिहिलं होतं. पोरगी म्हणाली, हे काय असतं? मी समजावलं. “मग ट्रायल म्हणा की. आमच्याकडं पण पंधरा दिवस ट्रायलला ठेवत्यात, आणि मग ‘उद्यापासून येऊ नको’ म्हणत्यात.”

‘तुला कामावरून कमी करण्यात आलं आहे’ ही माझी ओळ. ‘उद्यापासून येऊ नको’ ही तिची. मी विसाव्या वर्षी पुण्यात एका झेरॉक्सच्या दुकानात काम करत होते तिथून मला याच शब्दांत काढलं होतं आणि तरी ते मला आठवलं नव्हतं, हे जरा लागलंच मनाला. फ्रेंच संवादातला शब्द न् शब्द त्यात येत नाही. पण काढून टाकलेल्या माणसाला ऐकू काय येतं, तर हेच.

काही ठिकाणी मराठीनं फुकटात दिलं. आईनं कुणाकडून तरी आणलेलं खाणं रोझेटा फेकून देते आणि आपण भिकारी नाही असं तिला सुनावते. फ्रेंचमध्ये इथे जो कर्ता येतो त्याचं इंग्रजीत ‘वी’ होतं, आणि ते कोरडं वाटतं. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ वेगळे. ‘आम्ही भिकारी नाही’ हे जगाला सांगायचं, ‘आपण भिकारी नाही’ हे आईला. आईवर ओरडतानाही ती आईला आपल्यातच धरून आहे, हे एका ‘आपण’मध्ये आलं. असं क्वचित होतं. झालं की त्या दिवशी मी काम तिथंच थांबवायची आणि बाजारात जाऊन यायची.

वॉफलवर मात्र तीन दिवस वाया घालवले. रोझेटाला अधूनमधून काम मिळतं ते एका वॉफलवाल्याकडे. पिठाची पोती उचलायची, पीठ कालवायचं. ‘वॉफल’ लिहावं की घावन, की गोड आंबोळी? कुठल्याशा विद्वत्तेच्या भरात मी एकदा ‘घावन’ लिहिलंसुद्धा. सरांनी फोनवर नुसतं “हं” केलं. वॉफलची गाडी आता आमच्या गावातही लागते. वॉफल म्हणजे वॉफल.

खरी अडचण पुढे होती आणि ती मी मुद्दाम शेवटासाठी राखून ठेवली होती.

आईला दारू सोडवायला नेऊ पाहणाऱ्या रोझेटाला आई झटापटीत तळ्यात ढकलते आणि पळून जाते. तळाला गाळ. पाय रुततात, मुलगी आईला हाका मारते, आई मागं फिरत नाही. कशीबशी बाहेर येते. त्यानंतर ती रिकेकडे जाते. वॉफलच्या गाडीवर काम करणारा तो, तिच्याशी माणसासारखा वागणारा एकमेव मुलगा. दोघं खातात, तो तिला नाचायला लावतो, तिला जमत नाही, पोटातली जुनी कळ उठते. रात्री तिथंच अंथरुणावर पडल्या पडल्या ती स्वतःशी कुजबुजते. एकदा ‘तू’ म्हणून, एकदा ‘मी’ म्हणून. तुझं नाव रोझेटा. माझं नाव रोझेटा. मग काम, मग मित्र, मग सर्वसामान्य आयुष्य, मग ‘खड्ड्यात पडणार नाहीस’ अशी ओळ, आणि शुभरात्री. जेमतेम मिनिटभराचा मामला. सगळा सिनेमा या मिनिटाभोवती फिरतो असं मला वाटतं. कुणी वेगळं म्हणेल. मी अडीचपैकी एक महिना यावर घालवला.

काम सापडलं, मित्र सापडला. फ्रेंचमध्ये दोन्हीकडे एकच क्रियापद आहे. मी सहज लिहून गेले, ‘तुला काम मिळालं. मला काम मिळालं.’ चांगलं मराठी. कुणीही असंच म्हणेल. पण रात्री वाचलं तर काहीतरी बोचलं. ‘तुला मिळालं’ म्हटलं की देणारा कुणीतरी आलाच. आपली भाषा अशीच आहे. मला भूक लागते, मला राग येतो, मला नोकरी मिळते. सगळं माणसाकडे चालत येतं, माणूस नुसता ‘ला’ लावून उभा. ही मुलगी अशी उभी राहणारी नाही. तिनं ते काम दातांनी ओढून आणलंय. ‘तू काम शोधलंस’ करून पाहिलं, पण शोधलं म्हणजे सापडलंच असं नाही. चार दिवसांनी भांडी घासताना शब्द आला: मिळवलं. ‘तू काम मिळवलंस. मी काम मिळवलं.’ एका ‘व’चा फरक.

मग मित्राचं काय? ‘तू मित्र मिळवलास’ म्हटलं तर तो मासा पकडल्यासारखा होतो. (मासे ती पकडतेच, बाटलीचा सापळा करून, चोरून.) तिथं मी ‘तुला मित्र मिळाला’ असंच ठेवलं. मूळ क्रियापद एक, माझी दोन झाली. फ्रेंच शिकवणाऱ्या बाईंनी लाल रेघ मारली असती. पण काम तिनं मिळवलं आणि रिके तिला न मागता मिळाला, हे सिनेमात तसंच घडतं. मी ते जाणूनबुजून केलं.

‘सर्वसामान्य आयुष्य’ वाचवेना. ‘साधं’ म्हटलं तर तिचं आताचं काय राजेशाही आहे? वरच्या मुलीला विचारलं, तुला कसं जगायचंय? ती म्हणाली, कसं म्हंजे, चारचौघींगत. झालं. ‘तू चारचौघींसारखी जगतेस. मी चारचौघींसारखी जगते.’

आणि खड्डा. फ्रेंच शब्दाचा सरळ अर्थ भोक, खड्डा. इंग्रजीवाले काहीतरी रुळलेल्या चाकोरीचा शब्द वापरतात, तो मला नेभळट वाटतो. मी ‘खड्ड्यात पडणार नाहीस’ लिहिलं, ‘गर्तेत’ लिहून खोडलं (गर्तेत फक्त संपादकीयातला देश जातो), पुन्हा ‘खड्ड्यात’ केलं. या वेळी मी मुलीला फक्त वाचायला न देता तो तुकडाच दाखवला, तळ्यापासून कुजबुजीपर्यंत. तिनं चहाचा कप खाली ठेवला. वाचलं. म्हणाली, “खड्डा न्हवं ओ. खड्ड्यातनं माणूस वर येतंय. गाळात म्हणा.”

गाळात जाणं. धंदा गाळात गेला, घर गाळात गेलं. हे आपण रोज बोलतो. आणि पडद्यावर पाच-दहा मिनिटांपूर्वीच ती पोरगी खऱ्याखुऱ्या गाळात रुतून आईला हाका मारत होती. फ्रेंचमध्ये हे दोन्ही असं एका शब्दात सांधलेलं नाही. मी मुलीकडे पाहत राहिले. तिला वाटलं तिचं चुकलं. “राहू दे मग खड्डाच,” म्हणाली.

‘तू गाळात जाणार नाहीस. मी गाळात जाणार नाही.’

याच सुमारास, १६ मार्च २०२५ ला, एमिली दकेन गेल्याची बातमी आली. कर्करोग. वय ४३. दुसऱ्या दिवशी मी काम उघडलं तेव्हा ती वॉफलच्या गाडीमागं पीठ कालवत होती. मी थोडा वेळ ओळी बंद करून नुसतं पाहिलं आणि त्यातून एक गोष्ट ध्यानात आली. या मुलीचं सगळं बोलणं हातांत आहे. बूट बदलताना, पाइपात लपवताना, पोटावर गरम हवेचा ड्रायर धरताना. आणि सबटायटल येतात नेमकी खाली, हातांवर. तेव्हापासून मी उलटं काम सुरू केलं, ओळी काढण्याचं. ‘थांब’, ‘सोड’, ‘नको’, ‘आई’ हे सगळं काढलं. कुणी ढकलताना काय ओरडतं ते कुणालाही कळतं. ऐन बोलक्या सिनेमाला हजार-बाराशे ओळी लागतात. इथं आधीच त्याच्या निम्म्या नव्हत्या, त्यातल्याही साठ-सत्तर मी उडवल्या. सरांना भीती वाटली, की लोक म्हणतील अर्धवट केलंय.

हॉलमध्ये आदल्या संध्याकाळी चाचणी घेतली आणि माझे पाय लटपटले. पहिली गोष्ट, क्लबच्या लॅपटॉपवर माझी वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसत होती. ‘मिळवलं’चं ‘मीळवलं’सारखं काहीतरी दिसत होतं, जोडाक्षरं फुटलेली. दुसरी त्याहून वाईट. सुरुवातीला ओळी जुळत होत्या. अर्ध्या तासानं रोझेटानं तोंड उघडण्याआधीच तिची ओळ येऊन जात होती. तासानंतर तर कुणाचं बोलणं कुणाच्या तोंडी, काही मेळ नाही. कुजबुजीची ओळ आली तेव्हा पडद्यावर दुसरंच काही चाललेलं. सर म्हणाले, फाइल बिघडली. मी घरी येऊन रात्री दोनपर्यंत डोकं फोडलं.

कारण अगदी साधं होतं. मी स्पॉटिंग केलं माझ्या जुन्या युरोपी डीव्हीडीवर. त्या सेकंदाला २५ चित्रं दाखवतात. क्लबला आलेली प्रत २४ ची. म्हणजे माझ्याकडचा सिनेमा अख्खा शेकडा चार टक्के जोरात पळत होता आणि मला दोन महिने पत्ता नाही. तासाभराच्या खुणेपाशी ओळ जवळजवळ अडीच मिनिटं आधी. उपाय दोन मिनिटांचा: सगळ्या वेळांना २५ भागिले २४ नं गुणायचं. सॉफ्टवेअरमध्ये त्याचं बटणच असतं. वेलांटीसाठी मग वेगळी फाइल ठेवलीच नाही, ओळी चित्रातच कायमच्या छापून टाकल्या. सकाळी सहाला नवी प्रत तयार झाली. तशी प्रत करायला परवानगी आहे ना, हे सरांनी आठ वाजता पत्र काढून पाहिलं. होती.

हॉलमध्ये चाळीस-पंचेचाळीस मुली आल्या. डबे, पर्सा, दोघींच्या कडेवर मुलं. सरांनी प्रास्ताविकात सांगितलं, हा सिनेमा पाहून बेल्जियम सरकारनं तरुणांना नोकऱ्या देणारा कायदा केला. अर्धं खरं. ‘रोझेटा योजना’ नावाची योजना तिथं खरोखर आली, किमान ५० माणसं कामाला असलेल्या आस्थापनांनी तरुणांना ठरावीक प्रमाणात घ्यायचं अशी. पण तिची तयारी सिनेमाआधीच चालू होती, हे दिग्दर्शकांनीच सांगितलंय. नाव तेवढं सिनेमाचं लागलं. सरांना मध्येच टोकावंसं वाटलं, पण टाळ्या पडल्या होत्या.

मी मागच्या रांगेत. सिनेमा नव्हे, डोकी पाहत होते. पहिल्या दृश्यात ‘उद्यापासून येऊ नको’ आलं तेव्हा दोन रांगांत एकदम कुजबुज झाली. ‘तुला मित्र मिळाला’ला कुणीतरी खुदकन हसलं, मला धास्ती होतीच, ‘मित्र’ म्हटलं की आमच्याकडे भुवया वर जातात. पुढच्याच ओळीला शांत झालं. नंतर एक प्रसंग आहे, रिके मालकाच्या नकळत स्वतःचे वॉफल विकतो हे रोझेटा मालकाला सांगते आणि त्याची जागा घेते. तिथं चक्क भांडण लागलं. “चुगलखोर!” एकीनं म्हटलं. दुसरी अंधारातून म्हणाली, “तुझ्या घरात चूल पेटती म्हणून बोलालीस.” प्राध्यापक मंडळींनी शूऽ केलं. त्यांनी करायला नको होतं.

शेवटची काही मिनिटं बोलणं जवळपास नाही. मी तिथं एकही ओळ ठेवली नव्हती. ती मालकाला फोन करून काम सोडते, अंडं उकडते, दाराच्या फटी बंद करून गॅस सोडून आईशेजारी पडून राहते. आणि गॅसच संपतो. हॉलमध्ये कुणी हललं नाही. मग ती सिलिंडर घेऊन निघते.

वरची मुलगी कुठं बसलीय ते मी शोधत होते. तिची खुर्ची रिकामी होती.

दुसऱ्या दिवशी रात्री आठला जिन्यात भेटली. तिच्या आईचा फोन आला म्हणून ती मालक-चुगलीच्या प्रसंगानंतर लगेच निघाली होती. माझ्या ओळी चांगल्या होत्या का, हे तिनं काही सांगितलं नाही. “पुढं काय झालं?” एवढंच.

मी सांगायला लागले आणि अडखळले. त्या भागाचे शब्दच मी कधी केले नव्हते. म्हटलं, “घरातला गॅस संपतो, मग ती सिलिंडर बदलून आणते. तेवढ्यात तो मुलगा गाडीवरून येतो आणि तिच्याभोवती घिरट्या घालत राहतो.”

“आणि ती?”

“सिलिंडर ओढत चाललेली असते. पडते. पुन्हा उचलते.”

“भरलेलं का रिकामं?”

“भरलेलं.”

तिनं ओढणी खांद्यावर नीट केली, पिशवी दुसऱ्या हातात घेतली. “भरलेलं एकटीला उचलत न्हाई ओ, काकू,” म्हणाली आणि जिना चढून गेली.